थांबला तो वाचला

प्रास्ताविक

'थांबला तो संपला' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चालत राहावे, धडपडत राहावे, हातपाय गाळून बसू नये, हा त्या म्हणण्याचा अर्थ आणि तो खराही आहे. परंतु जीवनात असे काही प्रसंग येतात, की ज्या वेळी घाईने टाकलेले पाऊल घात करते आणि विचारपूर्वक थांबणे हेच शहाणपणाचे ठरते. भर वाळवंटात, सूर्य मावळत असताना गाडी बंद पडणे हा असाच एक प्रसंग आहे. वाळवंटातील मोटार-शर्यतींत भाग घेणाऱ्यांवर तो अनेकदा येतो. अशा वेळी काय करावे आणि का करावे, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. हा माहितीपर लेख आहे. तो वाचताना प्रत्येक विधानामागील कारण शोधण्याचा प्रयत्न करा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• वाळवंटातील शर्यतींचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल;
• वाळवंटात दिवस तप्त आणि रात्र थंड का असते, हे स्पष्ट करता येईल;
• बंद पडलेल्या वाहनापाशी थांबण्याची कारणे सांगता येतील;
• 'थांबणे' या शब्दाच्या निरनिराळ्या छटा ओळखता येतील;
• क्रियापदाचे चार अर्थ ओळखून त्यांचा वाक्यांत उपयोग करता येईल.

मूळ पाठ

१. समुद्रकाठापासून वाळवंटापर्यंत

चेन्नई हे समुद्रकाठचे शहर. जानेवारी महिन्यातही तेथील दिवसाचे तापमान २९ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्रीचे २१ अंशांच्या आसपास असते. अशा दमट हवेच्या शहराचा आणि वाळवंटाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु भारतातील मोटार-शर्यतींचा इतिहास सांगायचा, तर चेन्नईचे नाव आधी घ्यावे लागते. शहराच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक धावपट्टी होती. विमानांचा राबता संपल्यावर तिच्यावर मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या. पुढे १९९० च्या सुमारास श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे शर्यतींसाठी खास मार्ग बांधण्यात आला. देशातील मोटार-क्रीडा मंडळांच्या महासंघाचे मुख्य कार्यालयही चेन्नईतच आहे.

याच शहरात मुख्यालय असलेल्या टीव्हीएस या वाहन-कंपनीने २०१५ साली एका फ्रेंच कंपनीच्या जोडीने 'डाकार रॅली'त आपला संघ उतरवला. त्याच वर्षी बंगळूरचे सी. एस. संतोष यांनी मोटारसायकलवरून ही रॅली पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्यांचा क्रमांक छत्तिसावा होता. टीव्हीएसच्या संघातील के. पी. अरविंद यांना २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी रॅली अर्धवट सोडावी लागली. तिसऱ्या प्रयत्नात, २०१९ साली, त्यांनी ती पूर्ण केली.

डाकार हे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेनेगल देशाच्या राजधानीचे नाव. पहिली रॅली २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघाली आणि सहारा ओलांडून डाकारला पोहोचली. २००८ ची रॅली आफ्रिकेतील असुरक्षिततेमुळे रद्द झाली. २००९ ते २०१९ या काळात ती दक्षिण अमेरिकेत भरली आणि २०२० पासून ती सौदी अरेबियात भरू लागली. जागा बदलली तरी नाव मात्र डाकार असेच राहिले. सुमारे दोन आठवडे चालणाऱ्या या रॅलीत स्पर्धक वाळूच्या टेकड्या, दगडधोंडे आणि कोरडी नदीपात्रे यांतून हजारो किलोमीटरांचा प्रवास करतात. रस्ता नसतोच. हातातील मार्गपुस्तिका आणि होकायंत्र यांच्या आधाराने वाट काढावी लागते. सायंकाळी ठरलेल्या तळावर पोहोचले, की जेवण, विश्रांती आणि गाडीची दुरुस्ती. जो तळावर पोहोचू शकत नाही, त्याची रात्र मात्र वाळवंटात जाते.

अशी वेळ येण्यास मोठे कारण लागत नाही. वाळूत रुतलेली गाडी काढताना क्लच जळतो, दगडावर आदळून ॲक्सल तुटतो, पंक्चर काढता काढता स्टेपन्या संपतात. गावात पाना-जॅक घेऊन कोणीतरी धावून येतो. तिथे कोणी येत नाही.

२. दोन घटना

डाकार रॅलीचा जन्मच मुळी वाट चुकण्यातून झाला. १९७७ साली आबिजान ते नीस या शर्यतीत थिएरी साबीन नावाचा फ्रेंच मोटारसायकलस्वार लिबियाच्या वाळवंटात एकटा भरकटला. विमानातून शोध घेणाऱ्यांना तो सापडला, म्हणून वाचला. घरी परतल्यावर वाळवंटाचे नाव टाकण्याऐवजी त्याने इतरांनाही ते दाखवायचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी पॅरिस ते डाकार ही शर्यत सुरू केली. १४ जानेवारी १९८६ रोजी याच रॅलीच्या काळात माली देशात वाळूच्या वादळात हेलिकॉप्टर कोसळून त्याचा अंत झाला. वाळवंटाने एकदा सोडले, म्हणजे नेहमीच सोडेल असे नाही, हे या माणसाच्या चरित्रातून दिसते.

दुसरी घटना १९८२ ची. त्या वर्षी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क हा रॅलीत उतरला होता. त्याची सहचालक होती ॲन-शार्लोट व्हर्नी ही अनुभवी फ्रेंच शर्यतपटू, आणि सोबत एक मेकॅनिक होता. अल्जीरियाच्या दक्षिण भागात त्यांच्या प्यूजो ५०४ गाडीचा मागचा ॲक्सल तुटला. इतर गाड्या पुढे निघून गेल्या. दिवस मावळला. एक रात्र गेली, दुसरी गेली, तरी कोणी आले नाही. तिघे बेपत्ता असल्याची बातमी जगभर पसरली. एरवी कणखर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंतप्रधानांच्या डोळ्यांत लोकांनी पाणी पाहिले. मुलाचे वडील अल्जीरियात जाऊन पोहोचले. विमाने शोध घेऊ लागली. अखेर १४ जानेवारीला अल्जीरियाच्या लष्करी विमानातील लोकांना वाळूत उभी असलेली ती गाडी दिसली. ती ठरलेल्या मार्गापासून सुमारे ५० किलोमीटर दूर होती. तिघेही गाडीजवळच होते आणि सुखरूप होते.

सर्व लहानमोठे तपशील बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते : विमानाला आधी माणसे दिसली नाहीत, गाडी दिसली. ते तिघे मदतीच्या शोधात पायी निघाले असते, तर विमानाला रिकामी गाडी सापडली असती आणि माणसांचा शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला असता.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.
(अ) पहिली डाकार रॅली ______ शहरातून निघाली.
(आ) डाकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ______ हे होत.
(इ) १९८२ साली हरवलेले तिघे ______ देशात सापडले.

३. चालत सुटण्याचा मोह

गाडी बंद पडली, की मनुष्याच्या मनात पहिला विचार येतो तो चालू लागण्याचा. नुसते बसून राहणे त्याला कमीपणाचे वाटते. 'त्या टेकडीपलीकडे रस्ता असेल', 'दोन तासांत तळ येईल' असे मन सांगू लागते. हा मोह आवरावा, यास तीन कारणे आहेत.

पहिले कारण दिसण्याचे. वरून पाहणाऱ्याला मनुष्य म्हणजे हात-दीड हात रुंदीचा ठिपका. त्याची सावली आणि खडकाची सावली यांत फरक कळत नाही. उलट मोटार चार मीटरांहून लांब असते, तिच्या काचा आणि पत्रा उन्हात चमकतो, वाळूत उमटलेल्या चाकोऱ्या तिच्यापर्यंत वाट दाखवतात. १९९४ साली मोरोक्कोतील पायी धावण्याच्या एका वाळवंटी शर्यतीत माउरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वादळात वाट चुकला. त्याच्याजवळ गाडी नव्हती. विमाने त्याच्या डोक्यावरून गेली, पण तो त्यांना दिसला नाही. नऊ-दहा दिवसांनी तो अल्जीरियाच्या हद्दीत भटक्या लोकांच्या वस्तीपाशी पोहोचला, तेव्हा कसाबसा जिवंत होता. त्याचे वाचणे अपवादात्मक होते. अपवादाच्या भरवशावर निघणे बरे नव्हे.

दुसरे कारण दिशेचे. आपल्याकडे रानात किंवा माळावर वाट चुकून पुन्हा पुन्हा त्याच जागी येणाऱ्या माणसाला 'चकवा लागला' असे म्हणतात. काही जण त्याचा संबंध भुताखेतांशी जोडतात. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी २००९ साली या गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना जर्मनीतील दाट जंगलात आणि ट्युनिशियातील सहारात सरळ चालत राहण्यास सांगितले व त्यांचा मार्ग उपकरणाने नोंदवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता, तोपर्यंत लोक बऱ्यापैकी सरळ चालले. तो दिसेनासा होताच ते नकळत वळू लागले आणि जंगलात तर गोल फिरून आपल्याच वाटेवर आले. आपण सरळच चाललो आहोत, अशी मात्र त्यांची खात्री होती. चकवा लावणारे भूत बाहेर नसते. खूण नाहीशी झाली, की आपली दिशेची जाणीवच आपल्याला फसवते.

तिसरे कारण पाण्याचे. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. सावलीत स्वस्थ बसलेल्या माणसाचे पाणी त्या मानाने फार कमी खर्च होते. जवळ चार लिटर पाणी असेल, तर चालणाऱ्याला ते अर्धा दिवस पुरणे कठीण. बसणाऱ्याच्या हाती मात्र शोधपथक येईपर्यंतचा वेळ राहतो. म्हणून वाळवंटातील जाणकार सांगतात, की पाण्यापेक्षा घामाची काटकसर करावी. तहान लागली असता पाणी प्यावे. घाम येईल असे काम मात्र उन्हात करू नये.

४. दिवस आणि रात्र

वाळवंटात अडकलेल्या मनुष्याला दोन शत्रूंशी सामना करावा लागतो. दिवसा उष्मा आणि रात्री थंडी. पहिला सर्वांना ठाऊक असतो, दुसरा अनेकांना बेसावध गाठतो.

राजस्थानातील जैसलमेर येथे जानेवारीत दिवसाचे तापमान २४ अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते ८ अंशांच्या आसपास उतरते. चेन्नईत दिवस-रात्रीत सुमारे ८ अंशांचा फरक पडतो, जैसलमेरला १६ अंशांचा. हवेतील बाष्प हे याचे एक मोठे कारण आहे. जमिनीतून रात्री बाहेर पडणारी उष्णता बाष्प अडवून धरते. जणू ते जमिनीवर घातलेले पांघरूण असते. चेन्नईला समुद्र हे पांघरूण पुरवतो. वाळवंटाची हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि वाळूही लवकर तापणारी व लवकर निवणारी. त्यामुळे सूर्य मावळताच तेथील उष्णता झपाट्याने निघून जाते. दिवसभर घामाने भिजलेले कपडे अंगावर तसेच राहिले, तर ही थंडी अधिकच बोचते.

म्हणून गाडी बंद पडताच पुढील क्रम पाळावा. प्रथम सावलीला बसून पाच-दहा मिनिटे शांत व्हावे. घाबरलेल्या मनाने घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. नंतर जवळचे पाणी, अन्न, कपडे, विजेरी आणि हत्यारे यांची मोजदाद करावी. थांबल्याची वेळ आणि जागा लिहून ठेवावी. दुरुस्ती शक्य असेल, तर ती ऊन उतरल्यावर करावी. दिवसा बंद गाडीत बसू नये, कारण आतील हवा बाहेरच्यापेक्षा अधिक तापते. गाडीच्या सावलीच्या बाजूस, आसनाची गादी किंवा चटई अंथरून बसावे, कारण वाळूचा पृष्ठभाग हवेहून कितीतरी तप्त असतो. अंग उघडे टाकू नये. उन्हात मोकळे, पूर्ण बाह्यांचे कपडेच हितकारक असतात.

सूर्य मावळण्यापूर्वी रात्रीची तयारी करावी. कोरडे कपडे घालावेत, डोके व कान बांधावेत, गाडीत एकमेकांजवळ बसावे. ऊब यावी म्हणून बंद गाडीत इंजिन चालू ठेवणे धोक्याचे आहे. धूर सोडणारी नळी वाळूत बुजलेली असेल, तर विषारी वायू आत शिरतो आणि माणूस झोपेतच दगावतो. त्याचप्रमाणे कितीही तहान लागली, तरी रेडिएटरमधील पाणी पिऊ नये. त्यात मिसळलेला शीतक द्रव विषारी असतो.

मदत जवळून जात असताना तिला आपण दिसलो पाहिजे. दिवसा आरशाचा कवडसा फार दूरवर दिसतो. तेल ओतून जाळलेल्या टायरचा काळा धूरही दिसतो, मात्र टायर जाळण्यापूर्वी त्यातील हवा काढावी आणि तो गाडीपासून लांब न्यावा. रात्री शेकोटी किंवा गाडीचे दिवे उपयोगी पडतात. कोणतीही खूण तीन वेळा करणे, हा संकटाचा इशारा सर्वत्र ओळखला जातो. ज्याने या सर्व गोष्टी केल्या, तो नुसता बसलेला नसतो. त्याचे थांबणे हेही एक कामच असते.

पाठगत प्रश्न २

योग्य पर्याय निवडा.
(अ) वाळवंटात रात्री थंडी पडते, कारण
(१) तेथे वारा नसतो (२) हवेत बाष्प कमी असते (३) वाळू पांढरी असते
(आ) 'चकवा' लागण्याचे संशोधकांना आढळलेले कारण म्हणजे
(१) दिशा दाखवणारी खूण दिसेनाशी होणे (२) थकवा (३) अंधश्रद्धा

५. दुसऱ्यासाठी थांबणे

१९८२ नंतर काळ बदलला. आता डाकार रॅलीत प्रत्येक वाहनावर उपग्रहाशी जोडलेले यंत्र असते. वाहन कोठे आहे, ते थांबले का, हे नियंत्रण कक्षाला कळते. संकटात सापडलेला स्पर्धक कळ दाबून मदत मागू शकतो. मोटारसायकलस्वाराला पिण्याचे किमान तीन लिटर पाणी अंगावर बाळगावे लागते. असे नियम सुचण्यास अनेकांना वाळवंटात भोगावे लागले आहे.

तरीही यंत्राच्या आधी माणूस पोहोचतो, असे अनेकदा घडते. १२ जानेवारी २०२० रोजी भारतीय कंपनी हिरोच्या संघातील पोर्तुगीज स्पर्धक पाउलो गोन्साल्व्हिस सौदी अरेबियाच्या वाळवंटात कोसळला. मागून येणारा ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस हा गतविजेता होता. शर्यतीत एकेका मिनिटाला मोल असते. प्राइसने गाडी थांबवली, मदत मागवली आणि वैद्यकीय पथक येऊन आपले काम करीपर्यंत तो आपल्या प्रतिस्पर्ध्यापाशी राहिला. गोन्साल्व्हिसचे प्राण वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा त्याच्या स्मरणार्थ रद्द करण्यात आला. मदतीसाठी थांबणाऱ्या स्पर्धकाचा खर्च झालेला वेळ त्याला परत देण्याची तरतूद या रॅलीच्या नियमांत आहे. वेगासाठी भरवलेल्या स्पर्धेनेही थांबण्याला असे मोल दिले आहे.

२०२४ साली तर आयोजकांनी वाळवंटातील रात्र हाच स्पर्धेचा भाग केला. ११ व १२ जानेवारीला अरबस्तानातील रुब अल् खाली, म्हणजे 'रिकामा प्रदेश' या नावाच्या अफाट वाळवंटात दोन दिवसांचा एकच टप्पा ठेवण्यात आला. पहिल्या दिवशी दुपारी चार वाजले, की समोर येईल त्या छोट्या तळावर थांबायचे. तेथे मेकॅनिक नाही, संघाशी संपर्क नाही, इतर स्पर्धक कोठवर पोहोचले याची वार्ता नाही. एक तंबू, झोपण्याची पिशवी आणि शिधा एवढेच हाती. गाडीत बिघाड असेल, तर तो स्वतः किंवा शेजारच्या स्पर्धकाच्या मदतीने दुरुस्त करायचा. त्या वर्षी टीव्हीएसच्या संघातून धावणारा केरळचा हरिथ नोहा हा 'रॅली २' या विभागात विजयी झाला. एकूण क्रमवारीत तो अकरावा आला. डाकार रॅलीच्या एखाद्या विभागात भारतीयाने विजय मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती. समुद्रकाठच्या चेन्नईतून निघालेल्या संघाला वाळवंटाने असे यश दिले.

आपल्यापैकी बहुतेकांना वाळवंटात शर्यतीला जायचे नाही. परंतु रात्रीच्या वेळी घाटात बंद पडलेला ट्रक, पुराच्या पाण्याने वेढलेली एसटी, डोंगरात चुकलेली वाट हे प्रसंग आपल्याला अपरिचित नाहीत. अशा वेळीही नियम तेच. निघण्यापूर्वी कोठे जातो ते कोणाला तरी सांगून जावे. पाणी बरोबर असावे. अडकल्यावर आधी जीव सांभाळावा, मग वाहन. आणि दुसरा कोणी अडकलेला दिसला, तर आपण थांबावे.

'थांबला तो संपला' हे म्हणणे कष्टाला कंटाळून थांबणाऱ्यासाठी आहे. शक्ती राखण्यासाठी, विचार करण्यासाठी, दुसऱ्याला हात देण्यासाठी जो थांबतो, तो संपत नाही. के. पी. अरविंद दोनदा थांबले आणि तिसऱ्यांदा पोहोचले. अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

शब्दार्थ

घात करणे – नुकसान करणे, नाश करणे
राबता – वर्दळ, नेहमीची ये-जा
तळ – मुक्कामाची जागा
भरकटणे – वाट सोडून दुसरीकडेच जाणे
चाकोरी – चाकांमुळे जमिनीवर उमटलेली खूण
बाष्प – पाण्याची वाफ
निवणे – थंड होणे
दगावणे – मरण पावणे
शीतक – इंजिन थंड ठेवणारा द्रव
कवडसा – आरशातून किंवा फटीतून पडणारा प्रकाशाचा झोत
शिधा – जेवणासाठी लागणारे धान्य व इतर सामग्री

आशय समजून घेऊ या

लेखकाने एक सर्वपरिचित म्हण घेतली आणि तिच्या उलट अर्थाचे शीर्षक दिले. वाचकाचे कुतूहल जागे करण्याची ही एक रीत आहे. मात्र लेखक म्हण खोटी ठरवत नाही, तिची मर्यादा दाखवतो. पाठात 'थांबणे' तीन प्रकारे आले आहे. गाडी बंद पडल्यामुळे थांबावे लागणे, जीव वाचवण्यासाठी जाणीवपूर्वक थांबणे आणि दुसऱ्याच्या मदतीसाठी थांबणे. पहिल्यात नाइलाज आहे, दुसऱ्यात विवेक आहे आणि तिसऱ्यात माणुसकी आहे. माहितीपर लेखात विधानाला पुरावा द्यावा लागतो. 'गाडी सोडू नये' हे सांगताना लेखकाने दिसणे, दिशा आणि पाणी ही तीन कारणे क्रमाने दिली आहेत आणि त्यांच्या पुष्टीसाठी प्रत्यक्ष घटना, प्रयोग व हिशेब यांचा आधार घेतला आहे, हे लक्षात घ्या.

भाषाभ्यास : क्रियापदाचे अर्थ

पुढील वाक्ये वाचा.
(१) ते गाडीजवळ थांबले.
(२) गाडीजवळ थांबा.
(३) गाडीजवळ थांबावे.
(४) ते गाडीजवळ थांबले नसते, तर सापडले नसते.

पहिल्या वाक्यात घडलेली गोष्ट नुसती सांगितली आहे. हा स्वार्थ होय. दुसऱ्यात आज्ञा आहे, म्हणून तो आज्ञार्थ. तिसऱ्यात योग्य काय, कर्तव्य काय हे सांगितले आहे, हा विध्यर्थ. चौथ्यात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असल्याचे दाखवले आहे, हा संकेतार्थ. सूचना देणाऱ्या लेखनात विध्यर्थाचा वापर अधिक आढळतो. प्रस्तुत पाठाचा चौथा भाग पुन्हा वाचा आणि विध्यर्थी क्रियापदे अधोरेखित करा.

स्वाध्याय

१. वाळवंटात चालत सुटू नये, याची तीन कारणे आपल्या शब्दांत लिहा.
२. चेन्नई आणि जैसलमेर येथील रात्रीच्या तापमानांतील फरकाचे कारण स्पष्ट करा.
३. टोबी प्राइस याच्या कृतीबद्दल आपले मत पाच-सहा वाक्यांत मांडा.
४. 'पाण्यापेक्षा घामाची काटकसर करावी' या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन सांगा.
५. पुढील वाक्यांतील क्रियापदांचे अर्थ ओळखा.
(अ) पाणी बरोबर असावे. (आ) पाऊस आला असता, तर गाडी रुतली असती. (इ) दिवे लावा.
६. उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या अनुभवी ट्रकचालकाची किंवा एसटी चालकाची भेट घ्या. रात्री वाहन बंद पडल्यास ते काय करतात, हे विचारून दहा ओळींत सूचनापत्रक तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) पॅरिस (आ) सी. एस. संतोष (इ) अल्जीरिया
प्रश्न २ : (अ) २ (आ) १